वायफायची खरेदी आणि माझी खुर्ची

...नाही नाही, तुम्ही बसा हो, मला उभं राहायची सवय झालीये. म्हणूनच तर सांगतोय. अहो, अख्ख्या ऑफिसात वायफाय कुठे यावं? साहेबांच्या केबिनमध्ये? नाही. मीटिंगच्या खोलीत? नाव नको. येतं ते फक्त माझ्या टेबलापाशी! कारण वायफायचा तो जुना डबा माझ्या डोक्यावर, खिळ्याला टांगलेला. आता नेट आलं की माणसं येणार, मुंग्यांना काय आमंत्रण लागतं? सकाळी मी येतो तर माझ्या खुर्चीत विक्रीवाला, टेबलावर त्याचा सहकारी, आणि कोपऱ्याला टेकून आमच्या कॅशिअरबाई सुनेशी व्हिडिओवर बोलतायत, "अगं कणीक सैल झाली असेल तुझी..." आणि मी? मी खरेदी विभाग. म्हणजे विभागात मी एकटाच, आणि तोही उभा. बिलं कपाटावर ठेवून लिहितो. कंबरेचा पार भुगा झाला. तुम्हाला सांगतो, माझं मागणं एकच होतं, माझी खुर्ची मला मिळू दे.

तर मी साहेबांना म्हटलं, नवीन घ्या काहीतरी. साहेब म्हणाले, "छान. तूच निवड." मी? आजवर मी निवडलं काय, तर झाडू, पडदे आणि टेबलफॅन! पण नाही म्हणायची आपल्याला चोरी.

बोलावलं दोन कंपन्यांच्या माणसांना. एक आला टायवाला, एक आला हसरा. दोघांच्याही हातात पांढरी ताटली. छताला लावायची, म्हणे तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. टायवाला म्हणतो, "सर, आमच्यावर एका वेळी पाचशे लोक जोडता येतात." अहो, आमच्याकडे माणसं चाळीस, त्यातली निम्मी चहाला! हसरा म्हणतो, "सर, आमचा स्वतः शिकतो. गर्दी कुठे आहे ते ओळखतो." म्हटलं, त्यासाठी यंत्र कशाला, मी सांगतो ना, गर्दी माझ्या खुर्चीत आहे!

मग मीटिंग. मीटिंग म्हणजे काय, ज्याला ज्यातलं कळत नाही त्यानं त्यावर बोलायचं. कॅशिअरबाई म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर नको बाई, माझं अर्धं डोकं दुखतं." दुखतं तर दुखतं, मग माझ्या डोक्यावरच्या डब्याखाली तासन् तास कशा बसतात हो? विक्रीवाला म्हणाला, जास्त दांड्या, म्हणजे अँटेना, असलेला घ्या. दोन्ही ताटल्यांना एकही दांडी नाही. साहेबांनी दोन्ही ताटल्या उलट्यासुलट्या केल्या, नखानं वाजवून बघितल्या आणि विचारलं, "दिवा कुठल्या रंगाचा लागतो?" झालं. तासभर दिव्यावर चर्चा! एकाचा निळा, एकाचा हिरवा. आणि मी मनात म्हणतोय, अरे जळू दे तो दिवा, माझी खुर्ची मला मिळू दे.

घरी आलो, डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "काय झालं?" सगळं सांगितलं. पाचशे माणसं, स्वतः शिकणं, निळा, हिरवा. ती म्हणाली, "बिघडल्यावर फोन कोण उचलेल?" बास! घरी पिठाची गिरणी घेताना तिनं हेच विचारलं होतं. केला फोन. टायवाल्याकडे बाई बोलल्या, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे..." आणि पुढे नुसती पिपाणी. हसऱ्यानं पहिल्या घंटीला उचलला, "बोला सर!" तोंडात घास होता त्याच्या, तरी बोलला. ठरलं.

लागल्या ताटल्या. केबिनमध्ये एक, मीटिंगच्या खोलीत एक, कॅशिअरबाईंपासून चार हात लांब एक, आणि जुना डबा काढून माझ्या डोक्यावर एक. आणि काय सांगू तुम्हाला, जो तो आपापल्या जागी गेला! मी खुर्चीत बसलो. नुसता बसलो. काम नाही, काही नाही. डोळ्यांत पाणी आलं हो. कंबर म्हणाली, धनी, आज दिवाळी...

मग मी दोन दिवस रजेवर गेलो. मेहुण्यानं घर बदललं, कपाटं उचलायला हक्काचा माणूस कोण? मी. परत येतो तर खुर्चीत विक्रीवाला, टेबलावर सहकारी, कोपऱ्यात कॅशिअरबाई! वर बघतो तर ताटली गायब, तिच्या जागी पत्र्याची पेटी. पेटीला दार, दाराला कुलूप! आमच्या भांडारात एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना कुलूपकाका म्हणतो. पेनाला दोरी, ग्लासाला साखळी, साबणालासुद्धा जाळी. मला म्हणतात कसे, "इतकी महागाची वस्तू उघडी टांगतोस? चारी ठिकाणी पेट्या करून घेतल्या. तुझ्या पेटीचं दार तेवढं नीट लागत नाही. फट राहिलीये." त्या फटीतून जेवढं नेट येईल तेवढं, आणि त्यावर अख्खं ऑफिस!

हसऱ्याला फोन केला. पहिल्या घंटीला उचलला बिचाऱ्यानं. "सर, पत्र्यातून नाही हो जात, पेट्या काढा." मी पळालो साहेबांकडे. साहेब म्हणाले, "कंपनीच्या मालाची इतकी काळजी घेणारा माणूस आहे, त्याला दुखवू नकोस. बरं, एक पेटी उघडी ठेवू. पण जबाबदार माणसाच्या नजरेखाली."

जबाबदार माणूस कोण? खरेदी कुणी केली? मग! आता माझी पेटी सताड उघडी, नेट फुल्ल, आणि माझ्या टेबलाला जत्रेची कळा. मी काकांना म्हटलं, अहो, चोरी होऊ नये म्हणून दिवसभर मी लक्ष ठेवायचं, ठीक आहे, पण माझी खुर्ची तरी मला मिळू दे. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पहारा कधी बसून देतात का?"

...नाही नाही, तुम्ही बसा हो.