ओतिलिया एर्मिनियाची कोण लागते

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला नाती किती असतात? मोजा तुम्ही, मी थांबतो. सासू, मेव्हणी, सावत्र, चुलत, बाप्तिस्म्याच्या वेळी हात धरलेला धर्मबाप, शेजारीण जिला पोरं आजी म्हणतात ती... बोटं संपली ना? आता आमच्या मशीनला विचारा. चार. नवरा-बायको हे एक, मूल दोन, आई-बाप तीन, भाऊ-बहीण चार. मशीनला चार नाती कळतात, तुम्हाला सांगतो, पाचवं नाही. आणि हे मशीन आम्ही पैसे मोजून राजधानीहून आणलंय बरं का, फुकट मिळालं असतं तर मी तोंड बंद ठेवलं असतं.

मी आन्सेल्मो. ग्वालेग्वायच्या आमच्या आरोग्य मंडळात एकोणीस वर्षं बिलं काढतो. लोक महिन्याची वर्गणी भरतात, आजारी पडले की दवाखान्याचा खर्च मंडळ बघतं, एवढा साधा मामला. पूर्वी लाकडी खणांत कार्डं होती, घराला एक कार्ड, आणि त्यावर डॉन सेवेरो (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही मानानं डॉन म्हणतो, बाईला दोन्या), आमचे जुने कारकून, पेन्सिलीनं लिहायचे. घरात कोणी वाढलं, लिहिलं. कोणी गेलं, खोडलं. सेवेरो निवृत्त झाले, पेन्सिल घेऊन घरी गेले, आणि आलं हे सॉफ्टवेअर. त्यात एक पान आहे, ‘कुटुंबाची रचना’. घरात कोण कोण ते निवडायचं, मशीन दर सांगतं. एकट्याचा दर वेगळा, जोडप्याचा वेगळा, जोडपं आणि एक मूल, जोडपं आणि दोन मुलं, वर म्हातारे आई-बाप. निवडायचं म्हणजे यादीतून निवडायचं, लिहायची सोय नाही. पेन्सिल चालत नाही.

आमच्या व्यवस्थापक बेरेनिसेबाई, जर्मन रक्ताच्या, घड्याळ त्यांना बघून वेळ लावतं अशा, त्या मला म्हणाल्या, “आन्सेल्मो, तीस तारखेच्या आत सगळी कार्डं मशीनमध्ये गेली पाहिजेत. जो राहील तो एक तारखेपासून नवा सभासद. नव्याला दहा महिने ऑपरेशन नाही, आणि पासष्टच्या पुढचा नवा आपण घेतच नाही.” मी म्हटलं बरं. दुसरं काय म्हणणार?

बावीस तारखेला खिडकीशी दोघी आल्या. पुढे दोन्या एर्मिनिया, वय एकाहत्तर. हिनं शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली, अर्ध्या गावाला जेवू घातलंय, मलाही घातलंय, आणि अजून मी तिच्यासमोर उभा राहिलो की हात धुतलेत का ते आधी बघतो. मागे ओतिलिया, सदुसष्टची, काटकुळी, मांडीवर पर्स घेऊन बाकावर टेकली, चार पावलं चालून ओठ निळे पडलेले. हृदयाची झडप खराब. पुढच्या महिन्याच्या चौदाला पारानाच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलेलं. तारीख सात महिने थांबून मिळाली होती.

मी एर्मिनियाचं नाव टाकलं. विधवा, एकटी. मग म्हटलं, “दोन्या, ओतिलिया तुमची कोण लागते?”

“माझ्या नवऱ्याची बाई,” ती म्हणाली. म्हणजे कशी म्हणाली सांगू? आपण म्हणतो ना, ही आमची दूधवाली, तशी.

मी यादी उघडली. यादी बंद केली. पुन्हा उघडली, वाटलं मघाशी नीट दिसली नसेल. मशीनला चार नाती कळतात, तुम्हाला सांगतो, आणि त्यात नवऱ्याची बाई नाही.

“बहीण म्हणून टाकू का?” मी हळूच विचारलं.

“माझी बहीण मेली सत्त्याण्णव साली. तिला काय वाटेल?”

मी उठून जुनं कार्ड काढलं. सेवेरोंच्या अक्षरात एर्मिनियाचं नाव, खाली ओतिलियाचं, आणि नात्याच्या जागी पेन्सिलीनं एकच शब्द: ‘घरातलीच’. आठ वर्षांपूर्वीची तारीख. आठ वर्षं ती बाई आमची सभासद, एक महिना वर्गणी चुकली नाही, आणि आता यादीत तिच्यासाठी जागा नाही म्हणून तिची झडप दहा महिने थांबणार? दहा महिने कुठले, पासष्टच्या पुढची, तिला घेणारच नाहीत.

मी राजधानीला फोन लावला. तिथं सिल्वाना म्हणून मदतीला बसतात, आवाज असा की आपणच चुकलोय असं वाटावं. “आपली अडचण आम्ही समजू शकतो, आन्सेल्मो. संबंधाचा प्रकार कोणता?” मी सांगितला. मग म्हणतात, “दोघी एकाच घरात राहतात का? मग सोपं आहे, जोडपं म्हणून नोंदवा. कायद्यानं दोन स्त्रियांचं जोडपंही चालतं. एकत्र राहत असल्याच्या घोषणापत्रावर दोघींची सही घ्या, ‘जोडपं’ निवडा, दरसुद्धा कमी पडेल.”

मी घोषणापत्राचा कागद खिडकीत ठेवून सांगितलं. कसं सांगितलं ते मला विचारू नका, अर्धं वाक्य मी छताकडे बघून बोललो. एर्मिनियानं वळून ओतिलियाकडे पाहिलं. “ऐकलंस? आता आपण लग्न करायचं.”

ओतिलिया बाकावरून म्हणाली, “मी विचारलं नाही हं तुला.”

“आधी नवरा वाटून घेतला, आता मलाच घेतेस.”

“दर कमी पडतोय म्हणतात.”

दोघी हसल्या. ओतिलियाला हसताना खोकला आला, तशी एर्मिनिया तिची पाठ चोळत राहिली, आणि तिचा श्वास बसल्यावर कागद माझ्याकडे परत सरकवला. “नाही पोरा. सहीच्या कागदावर मी खोटं लिहीत नाही. माझ्या नवऱ्यानं, रोसेंदोनं, जन्मभर लिहिलं, घराण्याला तेवढं पुरे.”

मी म्हटलं, “दोन्या, ऑपरेशन चौदाला आहे.”

“तारीख मला माहीत आहे. तुमच्या मंडळाचा कारभार कोण बघतं? ओलेगारियोच ना? लहानपणी भोपळा काढून ठेवायचा ताटातून. त्याच्याशी बोलते मी.”

तर सत्तावीस तारखेला मंडळाची बैठक. डॉन ओलेगारियो अध्यक्ष, त्यांचं चौकात औषधांचं दुकान. बेरेनिसेबाई नियमांची फाईल घेऊन. मी मशीनच्या वतीनं, म्हणजे काय होतं आणि काय होत नाही ते सांगायला. टेबलावर माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, हातोहात फिरत होता, आणि दारात या दोघी, बाहेर जायचे कपडे घालून, ओतिलियानं तर ब्रोच लावलेला.

बेरेनिसेबाईंनी सरळ विचारलं. त्यांच्यात दुष्टपणा नाही, सरळपणा आहे, तो कधीकधी जास्त लागतो. “आज आम्ही हिला घेतलं, उद्या कोणीही कोणालाही घेऊन येईल. मशीनला हो किंवा नाही लागतं. तुमचं हे नातं नक्की काय आहे आणि कसं झालं?”

मग एर्मिनियानं सांगितलं. उभं राहूनच. मी तुम्हाला जसं ऐकलं तसं सांगतो, माझं काही घालत नाही.

रोसेंदो तिला सोडून ओतिलियाकडे राहायला गेला, त्याला बारा वर्षं झाली होती. घटस्फोट नाही, बोलणं नाही, एकाच गावात दोघी दोन वेगवेगळ्या बेकऱ्यांतून पाव घ्यायच्या. मग रोसेंदो आजारी पडला, पोटाचा आजार. दवाखान्यात त्याच्या खोलीत एकच बाई आत सोडायचे, गळ्यात अडकवायचं एकच कार्ड, ‘पत्नी’. कायद्यानं ते एर्मिनियाचं. सकाळी सातला ती यायची. दुपारी दोनला बाहेर येऊन ते कार्ड गळ्यातून काढायची आणि बाकावर बसलेल्या ओतिलियाच्या शेजारी ठेवून निघून जायची. तोंडातून शब्द नाही. ओतिलिया ते गळ्यात घालून रात्री आठपर्यंत बसायची आणि जाताना दारवानाकडे ठेवायची. असे चाळीस दिवस.

“सहाव्या दिवशी,” एर्मिनिया म्हणाली, “मी सकाळी कार्ड घ्यायला आले तर त्याच्याबरोबर मातेचा थर्मास ठेवलेला. भरलेला. कडू, मला लागतो तसा. हिला कसं कळलं, देव जाणे.”

“रोसेंदो रोज बडबडायचा,” ओतिलिया खुर्चीतून म्हणाली, “की एर्मिनिया साखर घालत नाही.”

एकेचाळिसाव्या दिवशी बरोबर दोनच्या ठोक्याला, कार्ड एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होतं, आणि तिकडे खोलीत रोसेंदोनं प्राण सोडला. दोघीही बाहेर. त्याच्याजवळ कोणीच नाही. एर्मिनिया म्हणाली, “बारा वर्षं दोघींना ताटकळवलं, आणि जाताना एकीलाही बोलावलं नाही. अंगात इतका राग आला की रडूच येईना. दफन झाल्यावर बसथांब्यावरून चालले होते तर ही तिथे बसलेली. बस येत होत्या, जात होत्या, ही बसलेलीच. ही दोघं राहायची ते भाड्याचं घर त्याच्या नावावर, मालकानं कुलूप घातलेलं. मी पाहिलं आणि पुढे गेले. कोपऱ्यापर्यंत गेले. मग परत आले आणि म्हटलं, रस्सा उरलाय, चल. त्याला आठ वर्षं झाली. आता हिला काय म्हणायचं ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा.”

माते ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला. माझ्या हातात होता. एकोणीस वर्षं मी या बाईचं बिल काढतोय, नाव, आकडा, तारीख, शिक्का, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतो, मला माझ्या मशीनची लाज वाटली, आणि मशीनपेक्षा माझी.

डॉन ओलेगारियोंनी चष्मा काढला. औषधवाला माणूस, त्यांनी औषधवाल्यासारखंच विचारलं. “एर्मिनिया, ओतिलियाच्या गोळ्या कोणत्या?”

“सकाळी पांढरी, अर्धी. जेवल्यावर पिवळी. लघवी होण्याची दुपारी चारच्या आत, नाहीतर झोप नाही. मंगळवार आणि शनिवार रक्त पातळ करणारी पाऊण, बाकीचे दिवस अर्धी. पेनिसिलिन चालत नाही, अंगावर गांधी उठतात.”

“ओतिलिया, आणि हिच्या?”

“रक्तदाबाची एक सकाळी. ती विसरते, म्हणून मी थर्मासच्या झाकणावर ठेवते. साखरेची तुम्ही दिली ती घेत नाही, घेतली म्हणून सांगते.”

“ओतिलिया,” एर्मिनिया म्हणाली.

“विचारलं त्यांनी.”

डॉन ओलेगारियोंनी चष्मा परत घातला. “बेरेनिसे, माझी बायको माझ्या गोळ्यांचा रंग मला विचारते. तीस वर्षं दुकान चालवतोय, अशी माणसं मी बोटांवर मोजली. लिहा. एका छताखाली दोन वर्षं, दोन साक्षीदार, दर जोडीदाराचाच. नाव काय द्यायचं?”

मी जुनं कार्ड पुढे केलं. सेवेरोंची पेन्सिल.

बेरेनिसेबाईंनी बराच वेळ तो शब्द वाचला. मग फाईल मिटली आणि म्हणाल्या, “व्याख्येला स्वल्पविराम लागतील, मी घालते.” आणि मी पाहिलं, त्यांनी ओतिलियाला उठताना हात दिला. बेरेनिसेबाईंनी. माझा विश्वास बसत नव्हता.

राजधानीच्या सिल्वानाबाई म्हणाल्या, नवा प्रकार घालायला समिती लागते, तीन महिने. मी म्हटलं, आमची समिती झाली. मग मला त्यांनी कुठे जाऊन काय बदलायचं ते एकेक पायरी फोनवर सांगितलं, आवाज जरा खाली आणून, आणि शेवटी म्हणाल्या, “आन्सेल्मो, आमच्या घरी पण एक आहेत अशा. आईची मैत्रीण. मी विचारलं होतं इथे, नाही म्हणाले.” एकोणतीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता मशीनला पाचवं नातं कळलं. चौदाला ओतिलियाची झडप बदलली. पारानाच्या डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, नातेवाईक कोण, तर एर्मिनिया म्हणाली, मंडळाच्या कागदावर बघा.

आता खरी गंमत ऐका, म्हणजे माझ्यासाठी गंमत नाही. ही बातमी गावात पसरायला किती वेळ लागणार? दुसऱ्या महिन्यात खिडकीशी रांग. तुम्हाला सांगतो, एक म्हातारा आला, त्याच्याबरोबर त्याच्या मेलेल्या मुलाची प्रेयसी, लग्न झालंच नव्हतं, पण ती सोळा वर्षं त्याच्यापाशी. एक शिक्षिका आली, सोबत तिची जुनी मोलकरीण, आता ऐंशीची, आता शिक्षिकाच तिला आंघोळ घालते. दोन भाऊ आले, भाऊ नव्हतेच ते, एका बोटीवर कामाला होते आणि बोट विकल्यावर घरी जायचं राहूनच गेलं. दोनशे चौदा अर्ज. मी एकेक वाचत होतो आणि माझ्याच गावात मी पाहुणा आहे असं वाटत होतं. मशीनला चार नाती कळत होती म्हणून मी तक्रार करतो, पण मला तरी किती कळत होती?

आणि मग गेल्या शुक्रवारी खिडकीशी माबेल. माझी बायको. म्हणजे होती, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत. आता ती वाल्दोमेरो खाटकाची बायको, दोन मुलं, सोबत त्याची आई. तिनं अर्ज सरकवला. मी नावं वाचली. सहा होती.

“माबेल, हे सहावं नाव माझं आहे.”

“वाचता येतं मला.”

“एका छताखाली दोन वर्षं लागतात.”

“अडीच वर्षांपूर्वीच्या पुरात तुझ्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत कोण राहतं? रविवारी भाजलेलं मांस कोण खातं? वाल्दोमेरो म्हणाला, सहा झाले की सहाव्याला अर्धाच दर पडतो, तुझ्याच मशीनमध्ये लिहिलंय. साक्षीदार आणलेत.”

साक्षीदार म्हणजे तिची सासू आणि बेरेनिसेबाई. बेरेनिसेबाईंनी सही करूनच ठेवली होती.

काय करणार? मी माझं नाव टाकलं, नातं निवडलं, बटण दाबलं. मशीननं एका क्षणात ‘होय’ म्हटलं. तर आता कागदोपत्री माझा कुटुंबप्रमुख वाल्दोमेरो. तुम्हाला सांगतो, काल दाढ दुखत होती म्हणून दंतवैद्याकडे गेलो, तर तिथली बाई म्हणाली, घरच्या मोठ्या माणसाची सही लागेल, आणि मी खाटकाच्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहिलो.