आतल्या शिवणी

एक्स-रेसाठी ताटकळलेल्या आजोबांनी पेपर डोळ्यांपुढं धरला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथं एक आई आपल्या मुलीचा बॅलेचा फ्रॉक दुसऱ्या मुलीच्या आईला विकत होती.

“फ्रॉक छानच आहे हो. पण आत या एवढ्या शिवणी कसल्या?”

“दर कार्यक्रमाआधी आवळावा लागायचा.”

“अगंबाई! पोरी वाढतात तसे फ्रॉक सैल करावे लागतात ना?”

“बॅलेच्या बाई म्हणायच्या, अंगाला चापून बसला पाहिजे. पोरगी अर्धं ताट रुमालात बांधून टाकून द्यायची, आणि मी मेली कौतुकानं सुईदोरा घेऊन बसायचे.”

“आता कुठंय ती?”

“या समोरच्या दाराआड. नाकात नळी घालून भरवताहेत.”

“अरे देवा! होईल हो बरी.”

“बघू. थांबा, शिवणी उसवून देते. मूळ मापाचा होईल.”

“नको, नको. राहू द्या तशाच.”

“का हो? तुमची तर चांगली अंगानं भरलेली आहे म्हणालात.”

“आहे ना. म्हणून तर आमच्या बाई म्हणतात, जरा उतरली की पुढच्या रांगेत घेऊ.”