कमरेपासून वर

नाही हो भाऊ, कापून देणार नाही असं कुठं म्हणाले मी — फोटो कापणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, दुकानच त्याचं आहे. पण कमरेपासून वरचंच का पाहिजे तुम्हाला? पाय राहू द्या की. हे बघा, स्क्रीनवर बघा — तुमच्या बायकोचे पाय इथं, खाली, आणि या माणसाचे? केवढे वर! म्हणजे तो तिच्या कितीतरी मागं आहे, पार मागच्या खांबाशी. खेटून कुठला! पाय कापले की तो नुसता उंच वाटेल, आणि तिच्या खांद्याला खांदा लावलेला. तुम्ही काढलात कुठून — रस्त्याच्या त्या टोकाच्या माडीवरून, ही भली लांब लेन्स लावून, हो ना? एवढ्या लांबून सगळेच एकमेकांना चिकटतात. ते खांब बघा, काडेपेटीतल्या काड्यांसारखे दिसतायत — आहेत का तसे? आणि लेन्सला बोल लावू नका हं. तिथूनच साध्या लेन्सनं काढून मधला तुकडा कापला असतात तरी हेच दिसलं असतं. छोट्या सेन्सरचा कॅमेरा तरी काय करतो, कडा कापतो, बस्स. अंतर कसं दिसणार ते तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं. पण जवळ जाऊन विचारतंय कोण?

मला कसं कळतं? घ्या! माझाच नाही का निघाला असा एक — आमच्या ह्यांनीच काढला, समोरच्या गच्चीवरून. मी दुकानाच्या पायरीवर, मागं लांब कुणी सायकलवाला चेन बसवत होता, त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं मी. याच मशीनवर कापला आणि माझ्या माहेरी नेऊन दाखवला. आई म्हणाली, फोटो कशाला खोटं बोलेल? संपलं. तेव्हापासून घर ते दुकान, दुकान ते घर — वर बघू नका! बघू नका म्हटलं ना. हो, कॅमेराच तो. चोरांसाठी म्हणे. आजवर चोर एकच सापडलाय, मी. त्याची लेन्स रुंद, त्यात हे काउंटर नदीएवढं दिसतं, तुम्ही त्या काठाला नि मी या काठाला. पण हे घरी बसून मोबाइलवर बोटांनी ताणतात — कडा गेल्या, काउंटर गेलं, उरली दोन डोकी. मग रात्रभर तेच. घाबरू नका, आवाज जात नाही, नुसतं चित्र. म्हणून तर बोलतेय. मी हा कापणार नाही भाऊ. मशीन बिघडलंय म्हणून सांगेन. तुम्ही घरी जा, तिला समोर बसवून विचारा, हात जोडते —

थांबा हं, फोन. हो, बोला ना. गिऱ्हाईक आहे. नाही हो, फोटोचंच चाललंय... काय? नदी? मी कुठं नदी म्ह—

कधीपासून येतो आवाज?

बरं. हो. हो, देते कापून.

जरा मागं सरका भाऊ. कुठून म्हणालात — कमरेपासून ना?