मेंदीमागची मूठ

...आणि वर मलाच विचारतात, "तू लोकांना गाडी शिकवतोस ना रे?" शिकवतो! एकवीस वर्षं शिकवतोय! ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं, दारावर पाटी आहे, गाडीच्या टपावर पाटी आहे, एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या पायाशी अशी दोन ब्रेकांची गाडी आहे, ज्यांना साधी सायकल येत नव्हती अशी माणसं मी घाटात पाठवली आणि ती धडधाकट परत आली... आणि हा असा मी, तुम्हाला सांगतो, मला माझ्या स्वतःच्या घराच्या फाटकातून गाडी बाहेर काढता येत नव्हती! हसा, हसा. तुमच्या फाटकाशी मेंदी नाही, तुम्ही हसणारच.

आमचं घर कोपऱ्यावर. कोपऱ्यावरचं घर म्हटलं की लोक म्हणतात, वा, दोन्ही बाजूंनी वारा! येतो ना वारा. पण दोन्ही बाजूंनी गाड्याही येतात, आणि त्या येताना दिसत नाहीत, कारण मध्ये मेंदी. बाबांनी रिटायर झाल्या झाल्या कुंपणाला लावली. तेव्हा माझ्या गुडघ्याला होती. मग कमरेला आली, मग खांद्याला आली, अकरा वर्षांपूर्वी डोक्यावर गेली, आता मी तिच्याशेजारी उभा राहिलो तर बायको अंगणातून हाका मारत फिरते, "अहो, कुठे गेलात?" आता मला सांगा, उभा माणूस जिथे दिसत नाही, तिथे गाडीत बसलेल्या माणसाला काय दिसणार? पानं! डावीकडे पानं, उजवीकडे पानं, आरशात पानं!

आणि मी क्लासमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतो? "बाई, स्टिअरिंगचं नंतर बघू. आधी डोळे. कोपऱ्यावर दोन्हीकडचं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर जायचं नाही." असं ठणकावून सांगतो हो मी! आणि स्वतः? रोज सकाळी साडेसात वाजता, काही म्हणजे काही दिसत नसताना, रिव्हर्स टाकून रस्त्यावर जातो. कशाच्या जोरावर? मेंदीतून एक आवाज येतो... "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ..."

बाबा! वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. सात पंचवीसला इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून फाटकाबाहेर हजर. ऊन असो, थंडी असो, सर्दी असो. आणि एक गंमत सांगतो. घरात मी काय असतो? "अरे गाढवा, नळ बंद कर." "अरे ठोंब्या, वर्तमानपत्र कुठाय?" पण गाडी मागे घ्यायला लागलो की "येऊ द्या"! जन्मदाता बाप दिवसातून एकदा मला मानानं बोलवतो, तेसुद्धा माझी पाठ त्यांच्याकडे असताना. सोडवेल का हो कुणाला?

तुम्ही म्हणाल, मग गाडी रात्री उलटी आत घालून ठेवायची, सकाळी सरळ बाहेर. घातली होती! एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सात पंचवीसला आले, गाडीचं तोंड रस्त्याकडे बघितलं, परत आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. बायको म्हणाली, "अहो, त्यांनी चहाला नाही म्हटलं." बाबांनी! चहाला! त्या दिवसापासून गाडीचं तोंड घराकडे.

कारण आता तुम्हाला सांगतो, बाबा कारखान्यात काय करायचे ते. क्रेनला हात दाखवायचे. म्हणजे क्रेनवाला बसणार वर, त्या टीचभर केबिनमध्ये, त्याला खालचं काही दिसत नाही, आणि खाली लोखंडाचे हत्तीएवढे तुकडे लोंबतायत. मग खाली उभे बाबा. तळहात वर केला की उचल, खाली केला की उतरव, मूठ वळली की थांब. चौतीस वर्षं! कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही. निरोप समारंभात क्रेनवाला रडला होता, म्हणाला, "माझे डोळे चालले." मी तिथे होतो, मला आठवतंय ते. तर असा माणूस आपल्या फाटकाशी उभा, म्हटल्यावर मी कशाला घाबरू? मी आपला निवांत. येऊ द्या, येऊ द्या...

आणि समोर राहते दाताची डॉक्टरीण. तिचं फाटक आमच्या फाटकासमोर, तिलाही साडेसातलाच दवाखान्यात जायला निघायचं, आणि तिच्याही मागे तिच्या सासूबाई उभ्या. सासूबाईसुद्धा सुनेला "येऊ द्या"च म्हणतात, कारण सून डॉक्टर आहे आणि कवळी तिनंच बसवलीय. आता बघा हं. मी इकडून मागे. ती तिकडून मागे. मला दिसतायत पानं, तिला दिसतेय तिची भिंत. बाबा ओरडतायत, "येऊ द्या!" सासूबाई ओरडतायत, "येऊ द्याऽऽ!" बाबांच्या हाकेला डॉक्टरीण येतेय, सासूबाईंच्या हाकेला मी येतोय! अहो, आवाज बाईचा की पुरुषाचा हे कोण बघतंय? "येऊ द्या" ऐकलं की ब्रेकवरचा पाय आपोआप सुटतो! येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... धाड! आणि मग दोघं मिळून एका सुरात, "बाऽऽस!"

फार काही नाही, एक दिवा फुटला, एक बंपर आत गेला. पण मी उतरलो तो तणतणतच. म्हटलं, "बाबा, थांब म्हणायचं होतंत ना!" बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणायचं? थांब कधी तोंडानं म्हणतात का रे? मी मूठ दाखवली! केव्हाची दाखवतोय!" आणि खरोखर, तुम्हाला सांगतो, मूठ वळलेली, हात वर, अजून तसाच! म्हटलं, "बाबा, मूठ मेंदीच्या मागे आहे!" तर म्हणतात, "मूठ जिथे असायला हवी तिथेच आहे. बघणाऱ्यानं बघायला नको?" म्हणजे गेली अकरा वर्षं हा माणूस मला रोज थांब सांगत होता आणि मी एकदाही थांबलो नव्हतो!

पुढे काय, डॉक्टरणीनं अर्ज केला, रस्त्याच्या खात्यातले साहेब आले. चांगला माणूस. टेप आणलेली, खडू आणलेला. म्हणाले, "एक स्टूल मिळेल का?" बायकोनं स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल दिलं. साहेब ते घेऊन फाटकात बसले. बाबांना वाटलं चहाला बसले, ते आतून बिस्किटं घेऊन आले. साहेब म्हणाले, "नाही आजोबा, गाडीत बसल्यावर ड्रायव्हरचा डोळा एवढ्या उंचीवर येतो. इथून मला दोन्हीकडचा रस्ता दिसायला हवा. मला तर फक्त तुमची बिस्किटं दिसतायत." मग उठले, खडूनं जमिनीवर भला मोठा त्रिकोण काढला. "एवढ्या त्रिकोणात गुडघ्याच्या वर काही नको. झुडूप नको, पाटी नको, कुंडी नको." बाबा म्हणाले, "त्रिकोण तुमचा, मेंदी माझी." साहेब म्हणाले, "आजोबा, दिसलं पाहिजे." बाबा म्हणाले, "मी आहे ना बघायला!" साहेब बिस्किट खाऊन गेले. नोटीस मात्र पाठवली.

आणि मी? मी शेपूट घातलं! हो, खोटं कशाला बोलू. नोटीस कपाटात ठेवली. वडिलांच्या मेंदीला कात्री कोण लावणार? येऊ द्या म्हणतायत ना, येऊ द्या.

मग तो मंगळवार. रिव्हर्स टाकला. येऊ द्या, येऊ द्या... आणि आवाज बंद. एकदम बंद. नुसती पानं. आता आधीचा मी असतो तर म्हटलं असतं, बाबांना शिंक आली असेल, चला. का कोण जाणे, पाय ब्रेकवर गेला. उतरून मागे गेलो. बाबा खाली बसलेले, चपलेचा तुटलेला अंगठा बघत. चाक त्यांच्यापासून हे... हे एवढं. आणि त्यांना पत्ताच नाही! वर बघून म्हणतात, "थांबलास का? अजून जागा आहे."

हे मी कुणाला हसत सांगत नाही. आज सांगतोय, कारण सगळं नीट झालं. पण त्या दिवशी मी क्लास घेतला नाही. दुपारी कात्री आणली आणि बाबा झोपले असताना सगळी मेंदी गुडघ्यापर्यंत आणली. डॉक्टरणीच्या सासूबाई पलीकडून म्हणत होत्या, "अजून खाली येऊ द्या, अजून येऊ द्या!"

आणि काय सांगू, दिसायला लागलं हो! दोन्हीकडचं! तो लांबचा खांब, त्यापलीकडचं शिंप्याचं दुकान, त्यापलीकडचं वळण! अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं आमच्या रस्त्याला वळण आहे. दुसऱ्या दिवशी मी गाडी अशी अलगद बाहेर काढली, कुणाच्याही मदतीशिवाय... आणि तेव्हा बघितलं. बाबा पायरीवर. बनियनवर. हात मांडीवर ठेवलेले, पालथे. "जा," म्हणाले. "आता काय, तुला दिसतंय."

चार दिवस हा माणूस नीट जेवला नाही. बायको म्हणाली, "अहो, जीव वाचवलात तो ठीक, पण तो घेऊन त्यांनी सकाळी करायचं काय?"

पाचव्या दिवशी मी गाडीत बसलो, खांब दिसतोय, शिंपी दिसतोय, शिंप्याच्या हातातली कैची दिसतेय, आणि काच खाली करून ओरडलो, "बाबा, जरा बघता का? मला नीट दिसत नाहीये!" बाबा उठले. शर्ट घालून आले. ह्या वेळी अंगणातच, मला अख्खे दिसतील असे उभे राहिले. येऊ द्या, येऊ द्या... मूठ! मी थांबलो. कचकन! अहो, काय तो चेहरा! मला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! संध्याकाळी मला हाताला धरून डोळ्यांच्या दुकानात. "एवढा उजेड, एवढा मोकळा रस्ता, आणि ह्याला दिसत नाही. आणि हा लोकांना गाडी शिकवतो!" चष्मेवाला तपासून तपासून दमला. माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "साहेब, तुम्हाला काहीच नाहीये." म्हटलं, "माहितीये. तुम्ही चष्मा द्या." "पण नंबर कुठला टाकू?" "साधी काच टाका हो, वडील बघतायत!"

तेव्हापासून हा चष्मा. क्लासमध्ये बायका विचारतात, "सर, तुमचे डोळे गेले की काय?" चार जणी दुसऱ्या स्कूलमध्ये गेल्या. जाऊ देत. रोज साडेसातला बाबा, शर्ट, मूठ, मी थांबतो, सगळे खूश.

परवा घरी आलो, तर फाटकाशी बाबा उकिडवे बसलेले, हाताला माती. कापलेल्या मेंदीच्या मधल्या फटींत ओळीनं वीतवीतभर नवी रोपं. म्हटलं, "बाबा, हे काय?" म्हणाले, "मेंदी. उगाच बिचारीला दोष दिला आपण, खोट तुझ्या डोळ्यांत होती. आता चष्मा आहे, माझी मूठ तुला बरोबर दिसते, मग मेंदीनं काय घोडं मारलंय?"

चष्मा माझ्याच नाकावर! गप झारी आणली, पाणी घालायला लागलो. तर मागून म्हणतात, "आणि तो चष्मा जपून वापर रे. तीन वर्षांत ही डोक्याच्या वर जाईल, तेव्हा खरा उपयोगी पडेल."