फोमने बुजवलेलं तळघर

—नाही नाही, तुमच्या बाईंना आत नका बोलावू इतक्यात, बसू दे गाडीतच, बाळालाही. गाडीचा हीटर चालू आहे ना? मग झालं. डोकं दुखायचं थांबलं म्हणतात ना त्यांचं बाहेर आल्यावर? तरी डॉक्टरांना दाखवा, दोघांनाही, आजच. आणि खिडक्या राहू देत उघड्या. थंडी? थंडी आहेच, इथे मेन राज्यात जानेवारीत दुसरं काय असणार? तुमच्या बोस्टनला निराळं असतं का हो?

तर तुम्ही व्हिडिओ बघून केलंत हे सगळं. अकरा मिनिटांचा! मी तीस वर्षं लोकांचे बॉयलर साफ करत तळघरांतली काजळी खातोय, आणि काम अकरा मिनिटांचं निघालं — कुणी आधी सांगितलं असतं तर! खिडकीत फोम, दाराखाली पट्टी, भिंतीच्या दगडांमधली एकूण एक फट बुजवलीत — सुबक आहे, चेष्टा नाही करत, चेष्टाच करतोय म्हणा — पाणबुडी करायची होती का? फक्त घर तापवणाऱ्या या बॉयलरला विचारायचं राहिलं. तेल जाळायला त्यालाही हवा लागते, ती आणायची कुठून त्याने? मग ज्योत घुसमटते, काजळी धरते, आणि वास नाही, रंग नाही असा तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, जिन्याने वर, थेट तुमच्या निजायच्या खोलीत. तेल वाचलं म्हणे! ही बादली बघा, एवढी काजळी आत्ता ब्रशने निघाली. बॉयलरला आतून काजळीची गोधडीच घातलीत तुम्ही — पाणी तापायचं सोडून सगळी आच धुराड्यातून वर. आलो तेव्हा मोजलं, तेलातली अडुसष्ट टक्केच ऊब घरात. बाकीचे बत्तीस टक्के छपरावरच्या कावळ्यांना शेकायला. फार दयाळू माणूस तुम्ही.

काय म्हणालात? चूक कुणाकडूनही होते? होते ना. माझ्या सासऱ्यांच्या घरी झाली — लिओनेल, कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, एकटाच राहतो, स्वेटरवर स्वेटर, पण हीटिंग वाढवायचं नाही. मर्लीन, माझी बायको, मागेच लागली होती — दुनियेचे बॉयलर नीट करतोस क्लेटन, आणि माझ्या बाबांच्या घरात वारा शिट्ट्या मारतो! झालं. एका रविवारी जाऊन सगळ्या फटी बुजवल्या. बर्नरला बाहेरची हवा द्यायची नळी पुढच्या आठवड्यात बसवू म्हटलं — नळी आणलेली होती हो, ट्रकमध्येच होती. पण थंडीची लाट आली, जो तो फोन करतोय, आमचं बंद पडलं, आमचं बंद पडलं, आणि नळी राहिली ट्रकमध्ये. दोन दिवसांनी म्हाताऱ्याचा फोन — क्लेटन, डोकं जड झालंय रे सकाळपासून. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला ऊब सोसत नाही, सवय नाही ना! हसलो. तेही हसले. दुसऱ्या दिवशी मर्लीन त्यांच्यासाठी भाजलेल्या बीन्सचं भांडं घेऊन गेली तर हे स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले, गाल लालबुंद.

वाचले, वाचले. हात थरथरतो, आणि मर्लीनला तिच्या आईच्या नावाने हाक मारतात, एवढंच. एवढंच! आता बारा महिने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवतात, बर्फ आत आला तरी. मी दर महिन्याला जाऊन त्यांचा बॉयलर घासून, नोझल बदलून, पंच्याऐंशी टक्क्यांवर आणून ठेवतो — आणि ते सगळं त्या खिडकीतून रस्त्यावर. एक शब्द बोलत नाही मी. कुठल्या तोंडाने बोलू?

रागावले? कशाला रागावतील? त्यांना कुठे माहीत आहे! धुराड्यात पक्ष्याचं घरटं पडलं होतं ना. म्हणजे — तसं मी सांगितलं. घरटं माझ्याच शेडच्या वळचणीचं, मीच काढून आणलं, बादलीत घालून सगळ्यांना दाखवलं, आणि नळी गुपचूप बसवून टाकली. मर्लीन गळ्यात पडून रडली, क्लेटन, तू होतास म्हणून कारण सापडलं. नऊ वर्षं झाली. म्हातारा अजून चर्चबाहेर उभा राहून ज्याला त्याला सांगतो, जावयाने जीव वाचवला माझा. थरथरत्या हाताने माझी पाठ थोपटतो, आणि मी — मी उभा राहतो. थोपटून घेतो.

हे कशाला सांगतोय मी तुम्हाला? असे बघू नका. नळी बसली तुमची, बर्नर आता बाहेरची हवा घेतोय, त्र्याऐंशी टक्के. वर त्या वायूचे दोन अलार्म लावलेत, त्यांना हात लावायचा नाही. करा बिलावर सही.

काय? मर्लीनला सांगून टाकू? वा! आणि मघाशी दारात तुम्ही बाईंना काय सांगत होतात — बॉयलर जुना झालाय, आधीच्या मालकाने लक्षच दिलं नाही? ऐकलं मी, बहिरा नाही अजून. फोमच्या रिकाम्या नळकांड्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सरकवल्यात, त्याही बघितल्या.

त्या बसल्यात गाडीत. जा. मला पेन परत द्या आणि जा, आधी तुम्ही सांगा.