थोरलीची उन्हाळ्याची सुट्टी

मी मूळची पेठ वडगावची, भावंडांत थोरली. थोरली म्हंजे काय सांगू तुम्हाला, सुट्टी लागली की आई शेतावर आन् माझ्या काखंला एक पोर, हाताला एक. बाकीच्या पोरी विहिरीत उड्या मारायच्या, मी काठावर बसून बघायचो. आमच्याकडं बायकाबी असंच आलो-गेलो बोलत्यात बघा, लिवताना बदलू नका.

लगीन होऊन कसबा बावड्यात आलो, शाळेचे गणवेश शिवाय लागलो. काम समदं उन्हाळ्यातच, आन् आमचं मालक दिवसभर रिक्षावर. म्हंजे घरात परत तेच की, माझी थोरली रेश्मा बारा वर्षांची आन् तिच्या काखंला चार वर्षांचा बाळू. म्हटलं न्हाय, हिची सुट्टी अशी जाऊ द्यायची न्हाय.

शिबिरं हिंडलो. एक म्हणतंय दहाच्या वरचीच, दुसरं म्हणतंय सहाच्या आतली, एक सकाळी, एक दुपारी, शिलाई सोडून मी पोरंच पोचवत बसू व्हय? एक म्याडम म्हणाली दोघांस्नी घेतो, ताई सांभाळंल की भावाला. म्हटलं मग घरात काय वाईट हाय, आन् आलो उठून.

शेवटी गल्लीतल्या तालमीत गेलो, तिथं वस्ताद पोरींस्नी लाठी शिकवत्यात. म्हणाले, पाठवा दोघांस्नी, थोरली लाठी फिरवंल, बारका माती तुडवंल. पयल्या दिवशी बघतो तर रेश्माच्या एका हातात लाठी, काखंत बाळू. वस्ताद वरडले, पोरी, भाऊ खाली ठेव. त्यो उतरंना. मग वस्तादांनी आखाड्याच्या मातीत ताक आन् हळद वतली, म्हणाले, या पैलवान, तुडवा. त्यो जो उतरला त्यो उतरलाच.

तरी हिची मान आपली त्याच्याकडंच. लाठी फिरवायची, मदीच थांबून बघायची. मला वाटाय लागलं, गेली हिचीबी सुट्टी.

काल काय झालं, मी मशीनवर बसलेलो, आन् ही अंगणात लाठी गरागरा फिरवतच आली, आई, जमली की गं मला, बघ की! मी म्हटलं, आगं बाळू कुठाय? लाठी थांबली, तोंडावर हात. आई, इसरलो की गं त्याला!

पळतच गेलो दोघी. बाळू मातीनं माखून वस्तादांशेजारी निवांत केळं खातोय. रेश्मा रडकुंडीला आली, मला वाटलं दोन शब्द बोलावं, पण हसूच आवरंना, डोळ्यांत पाणी येईस्तवर हसलो. तिला जवळ घेतलं आन् म्हटलं, भिऊ नको बाई माझे, आई अंबाबाई करो आन् तुला रोज असंच इसराय हुवो.