पायाळू बायको आन् गजाननची पाठ

हासू नका राजेहो, पण माही बायको पायाळू हाय. पायाकडून जलमली म्हणून गावात कोणाच्या पाठीत उसण भरली, की तो हिचा पाय लावून घ्याले येते. शेजारचा गजानन सोयाबीनचे कट्टे उचलून आखडला, आन् चार दिवस रोज आमच्या ओसरीत पालथा पडे. ही पाय लावता लावता म्हणे, "काय रुंद पाठ हाय, फळीवानी!"

माह्या पाठीले तिनं वीस वर्सांत असं काई म्हटलं नाही. पाठ त्याची दुखे, पोटात माह्या दुखे.

पाचव्या दिवशी त्याच्या आंधी मीच पालथा पडलो. "मले बी उसण भरली."

सुटीत आमच्या घरी आलेल्या, फिजिओथेरपी शिकणाऱ्या पुतणीनं आंधी गजाननची पाठ तपासली होती; आता तिनं माह्या कण्याच्या दोन्ही बाजूनं बोटं दाबली. "काका, गजाननकाकाचे लांब स्नायू दोरखंडावानी ताठले होते, स्नायूवरचा पातळ पडदाबी आखडला होता. तुमचं तर सारं मऊ हाय."

बायकोनं अशी लाथ हाणली, की मी बोंबललो. "त्याले हळूच, आन् मले काहून एवढ्या जोरात?"

बायको म्हणे, "त्याले त्याच्या पाठीची उसण भरली होती. तुमाले बी त्याच्याच पाठीची भरली!"